नकार ओळखण्याची विद्या: मेजावरील संगणक सुरू न होण्याचा इतिहास

मेजावरचा संगणक बटण दाबूनही सुरू होत नाही, ही तक्रार गेली चार दशके कार्यालये, शाळा, सायबर कॅफे आणि घरे यांतून जवळजवळ एकाच शब्दांत केली जात आली आहे. परंतु त्या तक्रारीमागची यंत्राची अवस्था प्रत्येक पिढीत बदलत गेली. सुरुवातीच्या यंत्रांत बटण म्हणजे विजेचा मार्ग जोडणारा वा तोडणारा साधा खटका होता, आणि यंत्र सुरू झाले नाही तर कुठेतरी काहीतरी तुटले, जळले किंवा सुटले आहे एवढाच त्याचा अर्थ होत असे. पुढे वीजपुरवठ्याच्या पेटीत, मदरबोर्डवर आणि त्यावरील कायमस्वरूपी आज्ञावलीत अशा योजना क्रमाक्रमाने घातल्या गेल्या, की परिस्थिती धोक्याची असल्यास यंत्राने स्वतःहून सुरू होण्याचे टाळावे. आजचा 'बंद पडलेला' संगणक पुष्कळदा पूर्णपणे निकामी झालेला नसतो. त्याच्यातील एखाद्या भागाने पुढे जाण्यास नकार दिलेला असतो, आणि संगणक दुरुस्तीच्या व्यवसायाचा इतिहास हा बऱ्याच अंशी असे नकार ओळखायला शिकण्याचा इतिहास आहे.

यंत्र सुरू करण्याच्या क्षणाची भीती मात्र मेजावरच्या संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभारलेल्या आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याला जवळपास १५० किलोवॅट वीज लागत असे. निर्वात नलिका म्हणजे आतल्या तारेला तापवून इलेक्ट्रॉन बाहेर काढणारा काचेचा बंद फुगा. ही तार थंडीतून एकदम तापताना किंवा तापल्यावर निवताना तुटण्याची शक्यता सर्वाधिक असे, म्हणून नलिका बाद होण्याचे बरेचसे प्रसंग यंत्र चालू वा बंद करण्याच्या वेळीच येत. प्रेस्पर एकर्ट या अभियंत्याने नलिकांना त्यांच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी विद्युतदाबावर चालवून त्यांचे आयुष्य वाढवले आणि पुढे यंत्र शक्यतो बंदच न करण्याचा मार्ग अवलंबण्यात आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ज्याचे नामकरण केले तो टीआयएफआरॅक हा संगणकही सुमारे २,७०० नलिकांचा होता. अशा यंत्रांजवळ अभियंत्यांचे पथक कायम असे. त्यामुळे दोष शोधण्याची जबाबदारी यंत्रावर टाकण्याची गरज तेव्हा कोणालाच भासली नाही. ही गरज निर्माण झाली ती संगणक एकट्या माणसाच्या मेजावर आल्यावर, कारण तिथे शेजारी अभियंता नव्हता.

मेजावर येण्यासाठी संगणकाला आधी हलके व्हावे लागले, आणि त्यात सर्वांत मोठी अडचण वीजपुरवठ्याच्या पेटीची होती. घरातील वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सतत उलटत राहते आणि भारतात ती सेकंदाला ५० पूर्ण आवर्तने करते, तर संगणकातील चिपांना ५ किंवा १२ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी आणि अतिशय स्थिर वीज लागते. जुन्या पद्धतीच्या, 'लिनिअर' म्हटल्या जाणाऱ्या पुरवठ्यात लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर प्रथम दाब कमी करी आणि नंतर उरलेला जादा दाब नियंत्रक चिप उष्णतेच्या रूपात घालवून टाकी. त्यामुळे घेतलेल्या विजेचा मोठा भाग यंत्र तापवण्यातच खर्ची पडे. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या अल्टेअर ८८०० या संचात याच प्रकारचा पुरवठा होता. अशा पुरवठ्यातील दोष शोधणे तुलनेने सोपे होते, कारण फ्यूज उडालेला दिसे, ट्रान्सफॉर्मर जळका वास देई आणि नियंत्रक हाताला पोळे.

याला पर्याय ठरलेली 'स्विच्ड मोड पॉवर सप्लाय', म्हणजेच भारतातील प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याच्या तोंडी असलेली 'एसएमपीएस', वेगळ्याच तत्त्वावर चालते. तीत भिंतीतून येणारी वीज आधी थेट एकदिश केली जाते, त्यामुळे २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आत सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. हा साठा ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो, आणि बाहेर पडणारा दाब सतत मोजून या चालू-बंदीचे प्रमाण कमी-अधिक केले जाते. गती जितकी जास्त तितका ट्रान्सफॉर्मर लहान, हे या रचनेचे मर्म आहे. अवकाशयाने आणि मोजमापाची महागडी उपकरणे यांत असे पुरवठे आधीपासून वापरात होते. १९७० च्या दशकात जास्त दाब पेलणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि रॉबर्ट बोशर्ट यांच्यासारख्या अभियंत्यांनी ही रचना सोपी व परवडणारी केली. १९७७ च्या ॲपल-२ साठी रॉड होल्ट यांनी आखलेला पुरवठा पंख्याशिवाय चालत असे आणि संगणकाच्या सडपातळ पेटीत मावत असे. पुढे या पुरवठ्याला साऱ्या क्रांतीचा उगम म्हणण्याची प्रथा पडली, ती अतिशयोक्त आहे. पण मेजावरील संगणकात हे तत्त्व रुळवणाऱ्यांत होल्ट यांचे स्थान निश्चितच महत्त्वाचे आहे.

दोष शोधण्याच्या दृष्टीने एसएमपीएसने केलेला बदल वजनातील घटीपेक्षाही दूरगामी होता. बाहेरचा दाब सतत मोजणारी पेटी तो बिघडल्यास स्वतःला बंदही करू शकते, आणि चांगल्या एसएमपीएस नेमके तेच करतात: पुढे कुठेही शॉर्ट सर्किट, म्हणजे विजेला मिळालेला नको तो जवळचा मार्ग, आढळला की त्या क्षणार्धात थांबतात. त्यामुळे पंखा एकदा हलून लगेच थांबत असेल, तर पुरवठा खराब आहे असा निष्कर्ष घाईचा ठरतो. कित्येकदा पुरवठा निरोगी असतो आणि मदरबोर्ड, हार्ड डिस्क किंवा पेटीत निसटून पडलेला एखादा स्क्रू यांच्यापासून तो यंत्राचे रक्षण करीत असतो. दुसरी अडचण उलट बाजूची होती. सुरुवातीच्या एसएमपीएसना काही किमान भार जोडलेला नसेल तर त्या नीट चालत नसत, आणि म्हणूनच १९८४ साली आयबीएमने पीसी-एटी हे यंत्र हार्ड डिस्कशिवाय विकले तेव्हा डिस्कच्या जागी विजेचा भार म्हणून एक मोठा रोधक बसवून दिला. पेटी सुटी काढून, काहीही न जोडता मल्टिमीटरने तपासणाऱ्याला चांगली पेटीही वाईट भासू शकते, हा धडा त्या काळात पुष्कळ कारागिरांना शिकावा लागला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला आणि येथून या इतिहासाला खरी दिशा मिळाली. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालील लहान गटाने तयार केलेल्या या यंत्राची वीजपेटी ६३.५ वॅटची होती आणि तिचा ठसठशीत लाल खटका पेटीच्या उजव्या अंगाला मागच्या बाजूस होता. खटका वर केल्यावर काय घडते याचा क्रम समजून घेणे आवश्यक आहे, कारण आजचा संगणकही मुळात त्याच क्रमाने जागा होतो. पुरवठ्यातील दाब शून्यावरून चढत असताना काही क्षण अपुरे आणि अस्थिर असतात. त्या अवस्थेत प्रोसेसर चालू दिल्यास तो चुकीच्या आज्ञा वाचण्याचा धोका असतो. म्हणून सारे दाब ठीक झाल्यावरच पुरवठा एका वेगळ्या तारेवरून 'पॉवर गुड' हा संकेत देतो, आणि तो येईपर्यंत मदरबोर्डवरील घड्याळाची चिप प्रोसेसरला 'रीसेट' अवस्थेत, म्हणजे जागच्या जागी, थोपवून धरते. यंत्रातील पंखे फिरतात, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, या नेहमीच्या लक्षणामागे कधीकधी हा संकेत न येणे हे कारण असते: वीज पोहोचलेली असते, तिला मान्यता मिळालेली नसते.

मान्यता मिळाल्यावर प्रोसेसर ठरावीक पत्त्यावरची पहिली आज्ञा वाचतो आणि बायोस या कायमस्वरूपी आज्ञावलीतील 'पोस्ट', म्हणजे वीज मिळाल्यावर यंत्राने स्वतःची करावयाची तपासणी, सुरू होते. आयबीएमच्या पोस्टचा क्रम अत्यंत विचारपूर्वक आखलेला होता. प्रोसेसरचे अंतर्गत कप्पे, बायोसच्या मजकुराची बेरीज, वेळ मोजणारी चिप, स्मृतीचा पहिला छोटा तुकडा, मग पडदा, मग उरलेली स्मृती, कळफलक आणि शेवटी डिस्क, अशा रीतीने प्रत्येक पायरी केवळ आधी तपासून झालेल्या भागांवर अवलंबून राही. या मांडणीतून एक प्रश्न आपोआप उभा राहतो: पडदा तपासण्याआधीच दोष आढळला तर तो सांगायचा कसा? त्याचे उत्तर म्हणजे पेटीतील लहानसा स्पीकर. सर्व ठीक असल्यास एक छोटा बीप, पडद्याच्या कार्डात दोष असल्यास एक लांब आणि दोन छोटे बीप, एक लांब आणि एक छोटा म्हणजे मदरबोर्ड, आणि काहीच आवाज नाही किंवा सलग आवाज म्हणजे वीजपुरवठा वा मदरबोर्ड, अशी ही सांकेतिक भाषा होती. पडदा सुरू झाल्यावर दोष आकड्यांत कळे. २०१ हा आकडा स्मृतीचा आणि ३०१ कळफलकाचा दोष दर्शवी.

या भाषेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही, की आयबीएमने ती छापून विकली. पीसीच्या तांत्रिक संदर्भग्रंथात मदरबोर्डचे विद्युत आराखडे आणि बायोसच्या संपूर्ण आज्ञावलीची यादी दिलेली होती. अर्थात आज्ञावलीवर स्वामित्वहक्क होता, त्यामुळे ती उतरवून घेणे बेकायदेशीर होते. कॉम्पॅक आणि नंतर फीनिक्स या कंपन्यांनी, मूळ मजकूर न पाहिलेल्या अभियंत्यांकडून केवळ अपेक्षित कार्याचे वर्णन देऊन नवी आज्ञावली लिहून घेतली, आणि १९८४ पासून फीनिक्सचे बायोस कोणत्याही उत्पादकाला विकत मिळू लागले. पुढे अवॉर्ड आणि एएमआय याही कंपन्या त्या व्यवसायात उतरल्या. पीसीसारखी यंत्रे असंख्य कारखान्यांतून निघू लागली, हा त्याचा सर्वश्रुत परिणाम. दुरुस्तीच्या इतिहासात मात्र दुसरा परिणाम अधिक ठळक दिसतो: प्रत्येक बायोसची बीपची भाषा वेगळी झाली, आणि आवाज ऐकून निदान करणाऱ्याला आधी चिपवरच्या चिकटपट्टीवर कोणत्या कंपनीचे नाव आहे ते पाहणे भाग पडले.

या गोंधळात आधार ठरली ती पीसी-एटीपासून रूढ झालेली एक अदृश्य सोय. बायोस प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला त्या चाचणीचा क्रमांक एका ठरावीक द्वारावर, म्हणजे प्रोसेसरने बाहेरील उपकरणांशी बोलण्याच्या पत्त्यावर, लिहून ठेवू लागले. हा क्रमांक षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकचिन्हांत मांडलेला असे, आणि तो दाखवणारे दोन आकड्यांचे छोटे कार्ड मदरबोर्डच्या खाचेत खोचले की यंत्र कोणत्या पायरीवर अडकले ते दिसे. 'डायग्नोस्टिक कार्ड' या नावाने हे साधन भारतातील दुकानांतही रुळले. त्याच्यावर एकही क्रमांक उमटला नाही तर प्रोसेसरने पहिली आज्ञाही वाचलेली नाही असे समजावे, आणि मग शोध बायोसच्या मागे, वीज, घड्याळ, रीसेट आणि खुद्द प्रोसेसर यांच्याकडे न्यावा, ही त्यातून आलेली शिस्त होती.

भारतात ही यंत्रे मोठ्या संख्येने येण्यास राजीव गांधी सरकारच्या नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने चालना दिली. त्यानंतर १९९१ चे उदारीकरण आणि १९९७ साली भारताने स्वीकारलेला माहिती तंत्रज्ञान करार यांमुळे सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारपेठांत संगणकाचे भाग सुटे मिळू लागले, आणि त्यांपासून जोडलेला 'असेंबल्ड' संगणक मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आला. रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारा कारागीर सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर ही साधने घेऊन या नव्या धंद्यात आला, तर संगणक संस्थांतून शिकलेला तरुण भाग बदलून पाहण्याची पद्धत घेऊन आला. यातूनच 'कार्ड लेव्हल' आणि 'चिप लेव्हल' हा भेद पडला: पहिल्यात दोषी भाग ओळखून तो संपूर्ण बदलायचा, दुसऱ्यात त्या भागावरील नेमका घटक शोधून तोच काढून बसवायचा. भाग महाग आणि श्रम स्वस्त असलेल्या देशात दुसरी पद्धत टिकली आणि बहरली, हे येथील कारागिरीचे श्रेय आहे आणि त्याची नोंद व्हावी तितकी झालेली नाही.

यंत्राचे आराखडे परदेशी असले तरी बिघाडाची कारणे स्थानिक होती. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० व्होल्ट असे दोन पर्याय असलेला एक लहान लाल सरकखटका असे. तो ११५ वर असताना आतील मंडल दाब दुप्पट करणाऱ्या रचनेत बदलते, ज्यामुळे अमेरिकेतील कमी दाबावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठा होतो. हाच खटका तसाच ठेवून यंत्र भारतातील २३० व्होल्टला जोडले, तर आतील दाब ६०० व्होल्टच्या पुढे जाऊ पाहतो आणि प्रत्येकी सुमारे २०० व्होल्ट पेलणारे दोन संधारित्र, म्हणजे वीज साठवणारे कपॅसिटर, मोठा आवाज करून फुटतात. परदेशातून आणलेले यंत्र पहिल्याच दिवशी बंद पडण्यामागे हे कारण हमखास असू शके. अर्थिंगचे दुर्लक्ष हे दुसरे कारण. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी दोन्ही तारांपासून धातूच्या पेटीकडे बारीक संधारित्र जोडलेले असतात. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची जोडणी नसेल तर पेटी मुख्य दाबाच्या जवळपास निम्म्या दाबावर तरंगत राहते आणि हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात. ही झिणझिणी बहुतांश लोकांनी संगणकाचा स्वभाव मानली, वास्तविक ती भिंतीतील वायरिंगची तक्रार होती.

त्यात भारनियमनाची भर पडली. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास वीज नसे, आणि नेमक्या याच काळात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यातालुक्यांत उघडत होती. वीज परत येण्याचा क्षण एसएमपीएससाठी सर्वांत कठीण असतो, कारण रिकामे संधारित्र भरताना प्रवाहाचा मोठा लोंढा आत शिरतो. तो आवरण्यासाठी थर्मिस्टर नावाचा घटक बसवलेला असतो, जो थंड असताना प्रवाहाला अडवतो आणि तापल्यावर वाट मोकळी करतो. वीज गेल्यानंतर काही क्षणांतच परत आली तर तो अजून तापलेलाच असतो आणि लोंढा अडवू शकत नाही. स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या पेट्यांत असे संरक्षक घटक गाळलेले असत आणि लेबलवरचे वॅट प्रत्यक्षात मिळत नसत. कोकणातील दमट हवा आणि देशावरची धूळ यांनी स्मृतीच्या पट्ट्यांचे सोनेरी संपर्क मळत. ते खोडरबराने पुसून पट्टी पुन्हा घट्ट बसवणे हा उपाय येथे इतका प्रचलित झाला, की पडदा न येणाऱ्या यंत्रावर तोच पहिला प्रयोग ठरला. हा उपाय अडाणी नाही. स्मृतीचा संपर्क तुटल्यास पोस्ट पडद्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि मऊ रबर तो मळ सोन्याचा पातळ थर फारसा न खरवडता काढते.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले आणि बटणाचा अर्थच बदलला. त्याआधीच्या एटी पद्धतीच्या पेट्यांत पुढच्या बटणापर्यंत जाड केबलमधून थेट मुख्य विजेच्या तारा आणलेल्या असत, त्यामुळे उघड्या पेटीत हात घालणाऱ्याला धक्का बसण्याचा धोका मोठा होता. शिवाय मदरबोर्डला वीज देणारे दोन सारखे दिसणारे जोड एकमेकांच्या जागी बसवले तर बोर्ड जळून जाई, आणि ते टाळण्यासाठी दोन्ही जोडांतील काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून ठेवाव्यात हा नियम प्रत्येक शिकाऊला पाठ करावा लागे. एटीएक्समध्ये वीस पिनांचा एकच जोड आला, तो उलटा बसतच नाही. पुरवठा भिंतीशी जोडलेला असेपर्यंत जांभळ्या तारेवर ५ व्होल्टची 'स्टँडबाय' वीज कायम राहते, आणि या तुटपुंज्या विजेवर मदरबोर्डचा एक कोपरा सदैव जागा असतो. बटण दाबल्यावर तो कोपरा हिरवी तार शून्य दाबाला, म्हणजे काळ्या तारेच्या पातळीला, ओढतो, तेव्हा कुठे मुख्य पुरवठा सुरू होतो. आणि दाब स्थिर झाल्यावर राखाडी तारेवरून जुन्या 'पॉवर गुड'चा वारसा सांगणारा संकेत येतो. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ॲपलच्या १९८३ च्या लिसा आणि १९८७ च्या मॅकिंटॉश-२ या यंत्रांत वीज आज्ञावलीच्या ताब्यात दिलेली होतीच. पण प्रत्येक उत्पादकासाठी एकच खुले मानक झाल्यामुळे ती सार्वत्रिक झाली.

याचे फायदे वापरणाऱ्याला लगेच दिसले. विंडोज ९५ असलेल्या जुन्या यंत्रावर काम संपवल्यावर, आता संगणक बंद करण्यास हरकत नाही, असा संदेश येई आणि खटका हातानेच पाडावा लागे. एटीएक्स यंत्रे स्वतःहून बंद होऊ लागली. तोटा दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला आला, कारण बटण आता केवळ विनंती करू शकत होते, आणि विनंती मान्य न होण्याची कारणे अनेक होती: स्टँडबाय वीजच नसणे, बटणाच्या बारीक तारा चुकीच्या पिनांवर बसणे, बोर्डवरील नियंत्रक चिप गोंधळणे, किंवा पुढे शॉर्ट असणे. परंतु मानक प्रसिद्ध असल्यामुळे या प्रत्येक शक्यतेची परीक्षाही उपलब्ध झाली. मदरबोर्डपासून सुटा केलेल्या जोडातील हिरवी आणि काळी तार कागदाच्या पिनेने जोडल्यास पुरवठ्याचा पंखा फिरला, तर दोष बहुधा पुरवठ्यापलीकडे आहे. फिरला नाही, तर पुरवठाच संशयित. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादांत असावी. मात्र यंत्र बंद दिसत असतानाही स्मृतीच्या खाचांपर्यंत वीज असू शकते, म्हणून पट्टी काढण्यापूर्वी भिंतीतील प्लग काढणे ही सवय एटीएक्सने अनिवार्य केली. २००० सालच्या सुमारास पेंटियम-४ बरोबर प्रोसेसरसाठी चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा जोड आला, आणि तो लावायचा राहून गेल्याने पंखे फिरूनही पडदा न येण्याचे प्रसंग नव्याने जोडलेल्या यंत्रांत आजही वारंवार घडतात.

एटीएक्सच्या पहिल्या दशकातच या व्यवसायाने आपला सर्वांत मोठा सार्वत्रिक बिघाड पाहिला. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवरील आणि वीजपेट्यांतील ॲल्युमिनियमचे संधारित्र एक-दोन वर्षांतच निकामी होऊ लागले. या संधारित्रात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावरील ऑक्साइडचा थर विद्युतरोधक म्हणून आणि एक द्रव, इलेक्ट्रोलाइट, दुसरे टोक म्हणून काम करतो. जास्त पाणी असलेल्या द्रवात योग्य रसायने मिसळली नाहीत तर पाणी ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून हायड्रोजन वायू सोडते, डबी फुगते, आणि तिच्या माथ्यावर मुद्दाम कोरलेल्या खाचा उकलून तपकिरी द्रव बाहेर येतो. असा संधारित्र वीज गुळगुळीत करू शकत नाही, आणि प्रोसेसरपाशी दाब डगमगू लागला की यंत्र आधी अधूनमधून थांबते, मग सुरू व्हायला अनेक वेळा बटण मागते आणि अखेर सुरूच होत नाही. जपानी कंपनीचे सूत्र अर्धवट चोरले गेल्यामुळे तैवानमध्ये सदोष द्रव तयार झाला, ही कथा त्या वेळी बरीच पसरली. ती सर्व बिघाडांचे स्पष्टीकरण देत नाही, म्हणून तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. परिणामांचा आकार मात्र कागदोपत्री स्पष्ट आहे: एकट्या डेल कंपनीने ऑप्टिप्लेक्स मालिकेतील सदोष भाग बदलण्यापोटी २००५ साली ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात दाखवला.

भारतातील चिप लेव्हल कारागिरांसाठी हा काळ कसोटीचा आणि उमेदीचा ठरला. फुगलेला माथा नुसत्या डोळ्यांनी दिसत असे, नवा संधारित्र काही रुपयांत मिळे, आणि हजारो रुपयांचा मदरबोर्ड थोड्या वेळात पुन्हा उभा राही. जिथे विकसित देशांत बोर्ड कचऱ्यात गेले, तिथे येथे ते आणखी कित्येक वर्षे चालले. पेटी उघडल्यावर मल्टिमीटर उचलण्यापूर्वी संधारित्रांच्या माथ्यांवरून नजर फिरवण्याची सवय या पिढीने लावून घेतली, आणि ती अजूनही उपयोगी पडते.

या सर्व अनुभवांतून निदानाचा जो क्रम स्थिरावला, त्याची दिशा यंत्राच्या जागे होण्याच्या क्रमाशी मिळतीजुळती आहे. प्रथम भिंतीतील सॉकेट, केबल, यूपीएस आणि पेटीमागचा खटका. मग स्टँडबाय वीज, तिचे लक्षण म्हणून बोर्डवरचा लहान दिवा. मग पुरवठ्याची स्वतंत्र परीक्षा. मग बोर्ड पेटीबाहेर काढून केवळ प्रोसेसर, स्मृतीची एक पट्टी आणि गरज असल्यास पडद्याचे कार्ड एवढ्यावरच यंत्र सुरू करण्याचा प्रयत्न. यातील अखेरची पायरी फार मोलाची आहे, कारण जोडलेल्या भागांची संख्या कमी झाली की नकार देणाऱ्यांची संख्याही घटते, आणि एकेक भाग परत जोडताना दोषी आपोआप उघड होतो. बोर्डवरील ३ व्होल्टची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी काढून बायोसच्या साठवलेल्या नोंदी पुसणे हा उपाय याच टप्प्यावर येतो. चुकीच्या नोंदींमुळे अडकलेले यंत्र त्याने मोकळे होते, परंतु मेलेला पुरवठा त्याने जिवंत होत नाही, आणि या दोन्ही दोषांवर हाच एक उपाय करून पाहणारे लोक बराच वेळ वाया घालवतात.

अलीकडच्या वीस वर्षांत या भाषेचे रूप पुन्हा बदलले आहे. २००५ साली स्थापन झालेल्या यूईएफआय मंचाने बायोसची जागा घेणारी नवी रचना प्रस्थापित केली, पेटीतील स्पीकर बहुतेक उत्पादकांनी देणे बंद केले, आणि बीपच्या जागी प्रोसेसर, स्मृती, पडदा व डिस्क यांच्यासाठी चार छोटे दिवे किंवा दोन आकड्यांचा दर्शक बोर्डवरच दिसू लागला. ११५-२३० चा लाल खटकाही नाहीसा झाला, कारण नवे पुरवठे १०० ते २४० व्होल्टमधील दाब आपसूक ओळखतात. दुसरीकडे, लहान आकाराच्या अनेक संगणकांत आणि लॅपटॉपांत स्मृती बोर्डवरच जोडून टाकलेली असते आणि आराखडे कोणालाही दिले जात नाहीत, त्यामुळे भाग सुटे करून दोष शोधण्याची सारी पद्धतच तेथे निरुपयोगी ठरते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती याच पार्श्वभूमीवर. आयबीएमने १९८१ साली आणि इंटेलने १९९५ साली आपापल्या रचना छापून दिल्या नसत्या, तर लॅमिंग्टन रोडवरील चिप लेव्हल कारागिरी उभीच राहिली नसती. त्यामुळे या समितीच्या कामात संगणकाच्या आराखड्यांच्या प्रसिद्धीला स्थान मिळाले पाहिजे. एटीएक्स पद्धतीचा मेजावरील संगणक या बंदिस्त दिशेला आजही अपवाद आहे: वीस पिनांच्या जोडाचा पुढे चोवीस पिनांचा जोड झाला, पण आज बाजारातून घेतलेला चोवीस पिनांचा पुरवठा वीस वर्षांपूर्वीच्या चोवीस पिनांच्या मदरबोर्डला जोडता येतो, आणि हिरव्या, जांभळ्या व राखाडी तारांचे अर्थ तेव्हा होते तेच आहेत.